मेळाव्याच्या यादीत नाव कुणाचं?

बंटी (सी ३०१): नमस्कार मंडळी, आपल्या सोसायटीत आपल्या शाळेची बरीच माणसं हायत म्हणून इथं टाकतोय. दिवाळीनंतर माजी विद्यार्थी मेळावा ठरलाय. फेटे, ढोलताशा, तांबडा-पांढरा रस्सा, एकदम नाद खुळा करायचं. लिंकवर दहावीचं वर्ष भरा सगळ्यांनी

मामा (ए २०१): १९८७ बॅच. पांढरा कमी पडू देऊ नका, मागल्या टायमाला वाटीभर पण मिळाला नाही

सेक्रेटरी: हा सोसायटीचा ग्रुप आहे. चालू द्या, पण पार्किंगचा विषय मध्ये हरवायला नको.

आक्का (बी २०२): बंटी बाळा, मी सातवीतनंच शाळा सोडली, तुझी लिंक दहावीचं वर्ष भरल्याशिवाय पुढंच सरकंना

बंटी: आक्का तुम्ही तशाच या की, तुम्हाला कोण अडवतंय

आक्का: तशीच कशाला येऊ? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी अशाच गेल्या, लग्नं झाली, आडनावं बदलली, आता त्यांना फेसबुकवर हुडकायचं तरी कुठल्या नावानं

तात्या (ए १०४): आक्कांचं बरोबर हाय. दहावी पास झाला तेवढाच माजी विद्यार्थी व्हय रं? माझी सगळी नोकरी हेडमास्तरांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरवरनं दाखले लिहिण्यात गेली. एका ओळीत अख्खं पोरगं असतंय, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, वर्तणूक, कधी आलं, कधी गेलं, आणि का गेलं. त्या 'शाळा सोडल्याचे कारण' रकान्यात बघा एकदा. सतत गैरहजर. घरकामास्तव. वडिलांची बदली. पोरींच्या ओळीला 'लग्न झाल्याने'. आणि जन्मतारखेला १ जून, १ जून, १ जून, आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून घालून मोकळे

मामा: आयला म्हणजे आमच्या आबांचा वाढदिवस मास्तरांनी काढलेला, आणि आम्ही दरवर्षी केक कापतोय

वहिनी (डी १०१): आमच्या जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, व्हॅलिडिटीला, त्या रजिस्टरनंच वाचवलं ओ. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, सासरेबुवांच्या शाळेतनं प्रवेश-निर्गम उतारा काढला तेव्हा काम झालं. आजेसासऱ्यांची ओळ तर जुन्या मोडी लिपीत निघाली, वाचून देणारा माणूस शोधत गावभर फिरलोय

बंटी: ते ठीक हाय तात्या, पण बॅनरवर मोठं नाव लागतंय की. राजाराम हायस्कूलवाले गोपाळ कृष्ण गोखले सांगत्यात, कर्मवीर भाऊराव पाटील सांगत्यात, आपण कोण सांगायचा?

तात्या: कर्मवीरांचं नाव काढलंस तर ऐक. राजाराम हायस्कूलला शिकताना ते जैन बोर्डिंगात राहिलेले. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं झाली, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग अजून हाय बघ. बोर्डिंगात राहिलेल्या ह्या पोरानं पुढं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग, तिथं मात्र सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीला. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. त्यांचा फोटो लावून फेटे बांधायचे एवढंच करणार असलास तर राहू दे

तात्या: आणि अजून एक. १९१७ ला महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, पोर न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायचा हुकूम निघाला. हुकूम सगळ्यांना पाठ हाय. पण तो पाळला का, कुठल्या आळीतलं पोर कुठल्या साली वर्गात येऊन बसलं, ते त्या काळातल्या रजिस्टरातच कळणार, भाषणात न्हवं. मेळाव्याच्या निमित्तानं ती रजिस्टरं स्कॅन करून ठेवा की

मामा: मग ढोलताशाचे पैसे स्कॅनरला घाला. पांढऱ्याला हात लावायचा नाही

बंटी: बरं. रजिस्टरं सोसायटीच्या हॉलमध्ये आणू काय, सगळे मिळून करू

तात्या: अजिबात नाही! ते शाळेचं कायमचं रेकॉर्ड, कपाटाबाहेर काढायचं तर हेडमास्तरांना लेखी अर्ज द्यायचा आणि तिथंच त्यांच्या माणसासमोर स्कॅन करायचं. पानं तुकडं व्हायला लागल्यात, उलटी दाबून ठेवलीस तर शिवण सुटंल. खालच्या फळीवरची आधी घ्या, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय न्हवं

सेक्रेटरी: एक सूचना. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, वर्तणुकीचे शेरे आहेत. एकही पान या ग्रुपवर टाकायचं नाही. स्कॅन शाळेकडे राहील, ज्याला स्वतःच्या घरातला उतारा हवा त्याने शाळेकडे अर्ज करावा.

मामा: वर्तणुकीचं तर टाकूच नका, घरात पोरं मोठी झाल्यात

वहिनी: मोडीतल्या पानांसाठी पुराभिलेख कार्यालयात विचारते, वाचणारे तिथं भेटतील

आक्का: मी माझ्या वर्गातल्या पोरींची माहेरची नावं लिहून देते. एक गडहिंग्लजला हाय, एक निपाणीला दिलीया, बाकीच्यांचा पत्ता त्यांच्या भावांना विचारायला लागंल

बंटी: लिंक बदलली आक्का. दहावीचं वर्ष काढून 'कितवीपर्यंत होता' केलंय, आणि माहेरचं आडनाव पण घातलंय. बघा आता जाते का पुढं

आक्का: गेली. खाली फेट्याचा रंग विचारायलाय, ते रिकामंच सोडू काय?