गेट-इनची वेळ मॅक्रोने टाकावी की हाताने?

डिस्पॅचवाला

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या गेटवर गाड्यांची आवक-जावक एक्सेलमध्ये लिहितात. गाडी नंबर, चलन नंबर, गेट-इन, गेट-आउट. मागच्या पावसाळ्यात एका ट्रान्सपोर्टरने हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं, बिल लावलं. त्याचं म्हणणं, गाडी सकाळी ६ ला गेटवर लागली. आमच्या शीटमध्ये गेट-इन ९:३०. वर-खाली चाळून पाहिलं तर महिनाभराच्या वेळा ९:००, ९:३०, १०:०० अशाच. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून गाड्या इतक्या शिस्तीत येतात हे मला नव्यानेच कळलं.

वॉचमन शिफ्ट संपताना आठवून भरत होता, दुसरं काय! त्याच्याही आधी कुणीतरी त्या रकान्यात आत्ताची वेळ देणारा नाऊचा फॉर्म्युला घालून ठेवला होता. तो दर वेळी नव्याने मोजतो, त्यामुळे संध्याकाळी फाइल उघडली की दिवसभराच्या सगळ्या गाड्या त्याच मिनिटाला आलेल्या. शेवटी मी छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिला; शीटमध्ये काही बदललं (चेंज इव्हेंट) की तो आपोआप चालतो. गाडी नंबर टाकून एंटर मारलं की शेजारी त्या क्षणाची वेळ पडते. ती फॉर्म्युला नसून नुसता आकडा असते, म्हणून नंतर हलत नाही.

माझं मत सरळ आहे: वेळ माणसाला लिहू देऊच नये. पटत नसेल तर बोला.

शॉर्टकटप्रेमी

नाही पटत. कंट्रोल आणि सेमीकोलन दाबलं की आजची तारीख, त्यात शिफ्ट जोडलं की आत्ताची वेळ. दोन्ही कायमच्या. एवढ्यासाठी मॅक्रो कशाला? मॅक्रोने शीटमध्ये काही लिहिलं की अनडू जातं, हे वॉचमनला सांगितलंय का? रात्री २ वाजता चुकून दहा ओळी डिलीट झाल्या आणि मॅक्रो चालून गेला, की कंट्रोल झेड कितीही बडवा.

शिवाय फाइल एक्सएलएसएमसारख्या, मॅक्रो ठेवू देणाऱ्या प्रकारातच सेव्ह करावी लागते. कुणी हौशीने साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केली की मॅक्रो गेला. आणि २०२२ पासून मेलवरून आलेल्या फाइलचा मॅक्रो एक्सेल मुळात चालूच देत नाही. वर पट्टी येते, मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करत बसा.

डिस्पॅचवाला

अनडूचं खरं आहे, मान्य. पण शॉर्टकटही हातानेच मारायचा ना? ज्याला ९:३० लिहायचंय तो शॉर्टकट मारेलच कशाला? त्या शॉर्टकटमध्ये सेकंदही येत नाहीत.

वर्तुळवाला

मॅक्रो नको आणि हातही नको. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (घराला स्वतःचाच संदर्भ घेऊ देणारं सेटिंग) चालू करा आणि वेळेच्या घरात फॉर्म्युला घाला: नंबर नसेल तर कोरं; नंबर भरलाय आणि मी रिकामा असेन तर नाऊ, नाहीतर मी स्वतः. काम झालं.

रात्रपाळी

वर्तुळवाले, हे करून हात पोळलेत. ते सेटिंग एक्सेल आधी उघडलेल्या फाइलवरून उचलतं. कुणी सकाळी दुसरीच फाइल आधी उघडली, मग गेटची. सर्क्युलर रेफरन्सची ताकीद आली, त्याने ओके दाबलं, आणि काही ओळींत वेळेच्या जागी ००-०१-१९०० उमटलं. एक्सेलच्या हिशेबात ती शून्य तारीख. आमच्या गेटवर १९०० साली ट्रक आला होता म्हणे.

आता डिस्पॅचवाल्यांच्या मॅक्रोबद्दल. मी अशाच कामात आहे, मॅक्रोच्या बाजूचा आहे, तरी सांगतो. आमच्याकडे एकाने व्हॉट्सअॅपवरून आलेले बारा गाड्यांचे नंबर एकदम पेस्ट केले. कोड लिहिताना गृहीत धरलं होतं की एका वेळी एकच घर बदलणार. टाइप मिसमॅचचा एरर आला, त्याने बिचाऱ्याने 'एंड' दाबलं. पण त्याआधी मॅक्रोने, स्वतःलाच पुन्हा हाक जाऊ नये म्हणून, एनेबलइव्हेंट्स फॉल्स केलं होतं, म्हणजे बदल झाला की मॅक्रो चालणं बंद ठेवलं होतं. ते फॉल्सच राहिलं. एक्सेल बंद करून परत उघडेपर्यंत एकही वेळ पडली नाही. रात्रभरातले ४१ नंबर आहेत, शेजारचा रकाना कोरा. मॅक्रो रुसतो तेव्हा सांगून रुसत नाही, हाच त्याचा दोष.

दुसरी खोच: वेळेचं घर आधीच भरलंय का, हे तपासता का? एमएच १४ च्या जागी एमएच १२ पडलं आणि कुणी दुपारी ४ वाजता दुरुस्त केलं, तर सकाळची गाडी ४ ला आलेली दिसेल.

डिस्पॅचवाला

…नव्हतो तपासत. आत्ता केलं. वेळ रिकामी असेल तरच टाकायची, बदललेल्या प्रत्येक घरावर एकेक करून फिरायचं, आणि एरर आला तरी शेवटी इव्हेंट्स चालू करूनच बाहेर पडायचं.

ताळेबंद

मी ऑडिटच्या बाजूने बोलते. तुम्ही सगळे वेळ 'पक्की' कशी करायची यावर भांडताय, पण ती वेळ कसली आहे? नंबर टाइप झाल्याची. गाडी आल्याची नव्हे. वॉचमनने ६ ला कागदावर लिहून ९:३० ला कॉम्प्युटरवर चढवलं, तर मॅक्रो इमानेइतबारे ९:३० छापेल, वर सेकंदांसकट. मग ट्रान्सपोर्टरला तुम्ही ठासून सांगणार, 'मशीनची वेळ आहे.' हे हाताने लिहिण्यापेक्षा वाईट.

दुसरं म्हणजे मॅक्रो कॉम्प्युटरचं घड्याळ वाचतो आणि ते कुणीही मागे घेऊ शकतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर असं वापरावं लागतं की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही. गेटची शीट त्या नियमाच्या कक्षेत येत नाही, ठीक आहे. पण वादात पुरावा म्हणून ती माझ्यापुढे ठेवली तर मी आधी हेच विचारणार: जुनी वेळ कुणी बदलली, हे कुठे दिसतं?

शीट्सवाला

गूगल शीट्समध्ये दिसतं. ऑनएडिट, म्हणजे बदल झाला की चालणारी स्क्रिप्ट, लिहा; वेळ गूगलच्या सर्व्हरची पडते, वॉचमनच्या कॉम्प्युटरची नाही. कुठल्या घरात कुणी काय बदललं तेही उजवं क्लिक करून बघता येतं. फक्त शीटचा टाइमझोन भारताचा आहे ना, ते आधी बघा.

शॉर्टकटप्रेमी

आणि नेट गेलं की? पावसाळ्यात भोसरीत येऊन बघा एकदा.

डिस्पॅचवाला

ताळेबंद ताईंचं म्हणणं लागलं, खरं सांगायचं तर. 'माणसाला लिहू देऊच नये' हे मागे घेतो. आता दोन रकाने केलेत. 'गाडी आली' वॉचमन हाताने लिहितो, चलनावर ड्रायव्हरची सही घेऊन. 'नोंद झाली' मॅक्रो टाकतो. दोन्हींतला फरक तिसऱ्या रकान्यात, २० मिनिटांच्या वर गेला की लाल. शीट्सकडे जायचं का ते नेटवर ठरेल.

परवाचीच ओळ: आली ७:०५, नोंद ७:४८. वॉचमनकाकांना विचारलं, हे काय? म्हणाले, "कॉम्प्युटर अपडेट घेत बसला होता साहेब, मी काय त्याला ढकलू?"

रात्रपाळी

आणि हॉल्टिंगचं बिल?

डिस्पॅचवाला

भरलं. निम्मं.