मदत हवी आहे: फॅमिली कारला रुंद टायर आणि अलॉय (मिश्रधातूचे रिम) घ्यायचेत, १५ इंचावर थांबू की १६ ला जाऊ?

नमस्कार मंडळी,

गाडीचे चारही टायर बदलायची वेळ आलीये आणि गेले पंधरा दिवस मी नुसता आकड्यांमध्ये अडकलोय, जरा सोडवा. गाडी साधी पाच सीटर हॅचबॅक. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई, म्हणजे बहुतेक वेळा गाडी फुल्ल, आणि बाहेरगावी निघालो की डिकी पण फुल्ल. कंपनीचे टायर १८५/६५ आर १५ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८८, खाली स्टील रिम ५.५ जे म्हणजे साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ईटी ४५ (मिमीत असतो, हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं). टायर आता खाचांमधल्या त्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झिजलेत.

रुंद टायर घ्यायचं डोक्यात का आलं ते सांगतो. मध्यंतरी भर पावसात समोरची गाडी अचानक थांबली म्हणून मी ब्रेक मारला तर गाडी थांबायच्या ऐवजी क्षणभर पाण्यावरून सरकतच गेली, स्टीअरिंग एकदम हलकं झालं, धडक बसली नाही पण आई मागे बसलेली होती आणि ती काही बोलली नाही हेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मनात पक्कं बसलंय की टायर रुंद पाहिजे म्हणजे रस्ता धरून ठेवेल. आणि बदलतोच आहोत तर मुलगा म्हणतो अलॉय पण टाकू, मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू.

तीन पर्याय समोर आहेत. एक, आहे त्याच रिमवर १९५/६० आर १५. दोन, १६ इंची अलॉय आणि १९५/५५ आर १६. तीन, दुकानात तयार सेट आहे, १६ इंची ६.५ जे अलॉय, ईटी ३८, त्यावर २०५/५५ आर १६, आणि दुकानदार म्हणतो डोळे झाकून बसवा काही होत नाही. दिसायला तिसराच सगळ्यात भारी आहे. पण आईचं कंबरेचं दुखणं आहे, खड्ड्यात गाडी आदळली की तिला दोन दिवस त्रास होतो, त्यामुळे राइड कडक झालेली चालणार नाही. मायलेज किती पडेल, स्टीअरिंग जड होईल का, आणि मुख्य म्हणजे पावसात खरंच फरक पडेल का? कोणी असे बदल करून दोन-तीन वर्षं गाडी वापरली असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पहिला प्रतिसाद

दादा, दोन नंबर घ्या. माझ्याकडे हाच साइज आहे, वळणावर गाडी खूप छान बसते. फक्त खड्डे जपून, साइडवॉल कमी असल्यामुळे मला एकदा कट बसला आणि टायर गेला.

दुसरा प्रतिसाद

दादा, थोडं लांबेल पण तुमच्या घरची माणसं त्या गाडीत बसणार आहेत म्हणून नीटच लिहिते. आमच्या घरी हेच सगळं झालंय आणि एक सेट बसवून परत काढलाय.

आधी पावसाचं. त्या दिवशी गाडी सरकली ती टायर अरुंद होता म्हणून नाही, झिजला होता म्हणून. ते उंचवटे साधारण १.६ मिमीवर असतात, तिथपर्यंत टायर आला की खाचांमधून पाणी बाहेर जायला जागाच राहत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो, स्टीअरिंग हलकं होतं ते त्याचंच लक्षण. रुंद टायरला उलट समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर साचलेल्या पाण्यात तो लवकर तरंगतो. आणि रुंद म्हणजे रस्त्याला दुप्पट चिकटणार असंही नाही, कारण टेकणारा भाग किती हे मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचं प्रेशर ठरवतं, रुंदी वाढली की तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. वळणावर त्याचा फायदा होतो, कोरड्या रस्त्यावर तर नक्कीच. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लागणं हे रबराची क्वालिटी आणि खाचांची खोली यावर आहे. तेव्हा तुमची जी खरी भीती आहे तिला उत्तर म्हणजे चांगले, ओल्यात पकड असलेले नवे टायर, आणि यापुढे ३ मिमीच्या आसपास आले की बदलून टाकायचे, १.६ ची वाट बघायची नाही.

आता तुमचे पर्याय. तुमच्या मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिमी येतो. १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे एक टक्का कमी, चालतं. १९५/५५ आर १६ चा ६२१, जवळपास सारखाच. २०५/५५ आर १६ चा मात्र ६३२, म्हणजे टायर सेंटीमीटरभर मोठा. मीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा पावणेदोन टक्के जास्त पळत असेल, आणि व्हील आर्चमधली (चाकावरच्या कमानीतली) जागा कमी होईल ते वेगळंच.

तिसऱ्या सेटची खरी भानगड ऑफसेटमध्ये आहे. रिम एक इंचाने रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. त्यात ईटी ४५ चा ३८ झाला म्हणजे सगळंच ७ मिमी बाहेर. हिशोब करा, बाहेरची कड जवळजवळ २० मिमी बाहेर येते. एकटे चालवाल तेव्हा काही जाणवणार नाही, पण मागे तीन माणसं, डिकीत बॅगा आणि खड्डा आला की टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासतो. आमचं हेच झालं होतं, आणि घासून घासून टायरच्या खांद्यावर चर पडलेली आम्हाला सर्व्हिसिंगला कळली!! शिवाय चाक बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवर ताण वाढतो. दुकानदाराने रिकामी गाडी बघून सांगितलंय, तुमची गाडी रिकामी कधी असते?

लोड इंडेक्स पण बघाच. तुमचा ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ बऱ्याचदा ८७ मध्ये येतो, म्हणजे ५४५. फरक छोटा वाटतो, पण फुल्ल गाडीला कंपनीपेक्षा खाली मी जाणार नाही, घ्यायचाच तर ९१ वाला एक्स्ट्रा लोड (जास्त वजन पेलणारा) घ्या. आणि त्याची साइडवॉल १०७ मिमी, तुमची आत्ताची १२०. हे १३ मिमी रबर खड्ड्यात आईच्या कंबरेआधी धक्का घेत असतं. मी तुमच्या जागी असते तर फक्त एवढ्यासाठीच १५ इंचावर राहिले असते.

मायलेजचं म्हणाल तर आमचं थोडं पडलं होतं, आणि पार्किंगला स्टीअरिंग जड झालेलं मला रोज जाणवायचं.

धागाकर्ता

ताई, खूप खूप आभार. टायर झिजल्यामुळे झालं हे वाचून वाईटही वाटलं, कारण महिनाभर पुढे ढकलत होतो तो मीच. तिसरा सेट रद्द. १५ इंच नक्की. आता विचार असा की १८५/६५ च ठेवायचा, ओल्यात चांगला म्हणतात असा टायर घ्यायचा, आणि अलॉय १५ इंची ६ जे ईटी ४५ घ्यायचे, म्हणजे मुलाचंही मन राहील. यात काही चुकतंय का? आणि स्टेपनी स्टीलचीच राहणार, ते चालेल ना?

दुसरा प्रतिसाद

काही चुकत नाही, ६ जे वर दोन्ही बाजूंना जेमतेम ६ मिमी वाढतात आणि तो टायर त्या रिमवर आरामात बसतो. अलॉय घेताना पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला म्हणजे झालं असं समजू नका, मधलं भोकही बघा. गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५४.१ मिमी आणि अलॉयचं भोक ७३.१ असं असेल तर मधली फट भरायला हब रिंग लागतेच, नाहीतर ८० च्या स्पीडपुढे स्टीअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच बॅलन्सिंग करत बसतो. रिमच्या आतल्या बाजूला ते रिम किती किलो वजन पेलतं ते कोरलेलं असतं, ते वाचूनच घ्या. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा, जुना माल गळ्यात मारून घेऊ नका. बसवल्यावर ५०-१०० किमीनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) परत तपासून घ्या, विमा कंपनीला अलॉयचं कळवून ठेवा.

स्टेपनी चालेल, व्यास सारखाच आहे. पण अलॉयचे नट आणि स्टील रिमचे नट बऱ्याचदा वेगळे असतात, बसायची जागा कोणाची गोल कोणाची तिरकी. तेव्हा एका चाकाचे जुने नट दुकानात सोडून येऊ नका, कापडात बांधून जॅकच्या शेजारी डिकीत ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.