रेमिफेन्टानिल बंद केल्यावर मॉर्फिनलाही न जुमानणारं दुखणं

निवासी_भूलशास्त्र
मणक्याच्या तीन तासांच्या शस्त्रक्रियेत रेमिफेन्टानिल (झटपट उतरणारं ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातलं वेदनाशामक) ०.३ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट चालू होतं, टाके संपताच बंद केलं. रिकव्हरीत वेदना १० पैकी ९. मॉर्फिन २-२ मिग्रॅ करत १० मिग्रॅ गेलं. आता जखमेपासून चार बोटं लांब चादर घासली तरी रुग्ण कळवळतो. वजन ६० किलो. हा टॉलरन्स (सवय होऊन औषध कमी पडणं) की हायपरअल्जेसिया (ओपिऑइडमुळेच वेदना जास्त जाणवणं)? मॉर्फिन वाढवू का?

जुना_ओटीवाला
आधी पायांची ताकद आणि संवेदना तपासा. मणक्याच्या केसमध्ये रक्ताची गाठ दाबत असेल तर तेही असंच दुखतं, आणि तिथे वेळ घालवून चालत नाही. तुंबलेली लघवीही पाहा. मग औषधांकडे. रेमीचा अंमल ५ ते १० मिनिटांत संपतो. त्याआधी दुसरं वेदनाशामक दिलं नसेल तर रुग्ण पूर्ण वेदनेतच जागा होतो. अशा वेळी हायपरअल्जेसियाचं लेबल घाईने लावू नये.

वेदना_क्लिनिक
वरचं सगळं ठीक निघालं, तर चादरीचा मुद्दा महत्त्वाचा. टॉलरन्समध्ये डोस वाढवला की आराम पडतो, दुखणं जागा सोडत नाही. हायपरअल्जेसियात ते जखमेबाहेर पसरतं, नुसता स्पर्श झोंबतो, आणि ओपिऑइड वाढवलं तर उलट चिघळतं. मज्जारज्जूतले एनएमडीए रिसेप्टर (वेदनेचे संदेश वाढवणारे) चेकाळलेले असतात, आणि केटामिन त्यांनाच रोखतं. म्हणून मॉर्फिन थांबवा, केटामिन ०.२ ते ०.३ मिग्रॅ/किलो, म्हणजे १२ ते १८ मिग्रॅ, सावकाश शिरेतून द्या. सोबत पॅरासिटामॉल १ ग्रॅम, आधी दिलं नसेल तर. दुखणं उतरलं की आत गेलेलं मॉर्फिन गुंगी आणतं, तेव्हा श्वासाचा वेग आणि सॅच्युरेशनवरून नजर हलवू नका.

जुना_ओटीवाला
पुढच्या केससाठी: रेमी शक्यतो ०.२ च्या आत. रक्तदाब चढला की रेमीच वाढवायची, ही सवय मला घातक वाटते; भुलेची खोली आधी बघा. चिरेआधी केटामिन ०.३ मिग्रॅ/किलो, मग ०.१ ते ०.२ मिग्रॅ/किलो/तास. मॉर्फिन ०.१ मिग्रॅ/किलो टाके संपण्याच्या ३०-४० मिनिटं आधी, आणि रेमी टप्प्याटप्प्याने उतरवा.

निवासी_भूलशास्त्र
मॅग्नेशियम चालेल?

वेदना_क्लिनिक
३० ते ५० मिग्रॅ/किलो, १५-२० मिनिटांत. मात्र स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल त्याने लांबतो. टीओएफ (स्नायूंची ताकद परतली का ते दाखवणारी चाचणी) पाहिल्याशिवाय श्वासाची नळी काढू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर टाळाच.