विषय: तातडीचं – दिवाळी अंक, वर्ड उघडताच बंद पडतंय

प्रेषक: संपादक

मंडळी, सकाळपासून वर्ड उघडत नाही. पडदा पांढरा होतो, वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि खिडकी गायब. आधी वाटलं अंकाची फाईल गेली, पण नुसतं कोरं वर्ड उघडलं तरी तेच. मी अजून गावीच आहे, आर्वी तालुक्यात. सोयाबीन घरी आल्याशिवाय निघणं नाही. लॅपटॉप पुतण्याचा, नेट मोबाईलवरचं, दुपारी लाईन जाते. शुक्रवारी छापखान्याला पीडीएफ द्यायची आहे. पुतण्या वर्ड पुन्हा इन्स्टॉल करू म्हणतो. करू देऊ का?

प्रेषक: खजिनदार

वार्षिक सभेत मी म्हटलं होतं, गुगल डॉक्सवर करा. तेव्हा 'जोडाक्षरं, मांडणी' वगैरे ऐकवलं गेलं. इतिवृत्तात आहे.

प्रेषक: माई

खजिनदारसाहेब, गावात नेट टिकत नाही तिथे गुगल डॉक्स कसं चालवणार ते एकदा सांगा. ऑफलाईनची सोयसुद्धा आधी नेट असताना करून ठेवावी लागते.

दादा, इन्स्टॉल अजिबात करू देऊ नका. मोबाईल डेटावर ते कधी उतरायचं? कोरं वर्डही पडतंय म्हणजे अंकाची फाईल बहुतेक शाबूत आहे; तिची एक प्रत तेवढी पेनड्राईव्हवर घ्या. संशय ॲड-इन्सवर आहे, म्हणजे वर्डला जोडलेल्या, त्याच्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्सवर. ती वगळून वर्ड उघडून बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकोन येईल. त्यात इंग्रजीत विनवर्ड लिहा, मग एक स्पेस, मग स्लॅश, त्याला चिकटून सेफ. एंटर. स्लॅश सरळ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा. वरच्या पट्टीवर 'सेफ मोड' दिसलं की ॲड-इन्सशिवाय उघडलं असं समजा.

प्रेषक: वणीकर

एवढं टायपिंग काऊन सांगून राहिल्या माई? कंट्रोल दाबून धरा अन् वर्डच्या चित्रावर क्लिक करा, बस. सेफ मोडमंदी उघडू का म्हणून विचारते, हो म्हणा. तोवर कंट्रोल सोडू नका. अन् दादा, सोयाबीनला भाव काय लागून राहिला तिकडे?

प्रेषक: खजिनदार

भावाची चर्चा वेगळ्या मेलवर घ्यावी.

प्रेषक: संपादक

पुतण्याच्या कीबोर्डचं कंट्रोल दबतच नाही, म्हणून माईंच्या रस्त्यानं गेलो. उघडलं! अंकाची फाईलही उघडली, सगळी पानं जागेवर. दोन शंका. मी मंडळाचं लांबलचक नाव दोन अक्षरांत उमटावं अशी ऑटोकरेक्टमध्ये सोय केली होती, ती चालत नाही. आणि सकाळी बंद पडताना न सेव्ह झालेलं संपादकीय कुठे गेलं?

प्रेषक: माई

दोन्ही सेफ मोडमुळेच. तिथे ऑटोकरेक्टची यादी लोड होत नाही, नवीन बदलही टिकत नाहीत. वाचवलेल्या फायली आपोआप समोर येत नाहीत. वर्ड नेहमीसारखं उघडलं की त्या विचारेल. मराठी कीबोर्ड मात्र विंडोजचा आहे, वर्डचा नाही, म्हणून तो चालतोय.

पण अख्खा अंक तिथे बसून करू नका. सेफ मोड फक्त दोष कुठे आहे ते दाखवतो, तो काढत नाही. आता फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. तळाशी 'मॅनेज'मध्ये कॉम ॲड-इन्स निवडा, 'गो' दाबा. सगळ्या खुणा काढा, वर्ड बंद करून साधं उघडा. चाललं, तर एकेक खूण परत करा आणि दर वेळी वर्ड बंद-चालू करा. ज्या खुणेनंतर पडेल तो चोर.

प्रेषक: माजी संपादक

आमच्या वेळी वर्डऐवजी लिबर ऑफिस होतं म्हणून ही वेळ आली नाही. त्याच्या हेल्प मेनूतच 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे, 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून. एक्स्टेन्शन्स बंद करायची खूणही तिथेच. फाईल माझ्याकडे पाठवा, मी रात्रीत मांडणी करून देतो.

प्रेषक: माई

लिबर ऑफिसमध्ये उघडल्यावर जाहिरातींच्या चौकटी कशा सरकतात ते आपण गणपतीच्या पत्रिकेत पाहिलंय. फाईल कुठेही जाणार नाही.

प्रेषक: संपादक

चोर सापडला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक ॲड-इन आहे, पुतण्याला तालुक्याच्या टायपिंगवाल्यानं टाकून दिलेलं. पण खूण काढायला गेलो तर वर्ड म्हणतं बदलता येणार नाही. शिवाय पुतण्या ते काढायला तयार नाही. गावातले लोक कृतीदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायली घेऊन येतात, त्याचे दोन पैसे त्यावरच सुटतात. समोर बसून बघतोय मी काय दाबतो ते.

प्रेषक: वणीकर

पोट्टं बरोबरच बोलून राहिलं ना बावा. त्याचा लॅपटॉप, त्याचा धंदा.

प्रेषक: माई

काढायचं नाहीच, फक्त खूण काढायची. ते सगळ्या युजरांसाठी टाकलंय म्हणून अडतंय. वर्डच्या चित्रावर उजवं क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', मग खूण निघेल. त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं की तशीच परत करायची. हे त्याला तुम्ही नको, त्यालाच करायला लावा, म्हणजे धीर येईल. तरीही पडलं तर 'नॉर्मल डॉट डॉटएम' या साच्याकडे बघू. वर्ड बंद ठेवून त्याचं नाव बदललं की पुढच्या वेळी नवा साचा तयार होतो. आज त्याला हात नको. इथे मेलबर्नात रात्रीचे अकरा वाजलेत, तुमच्याकडे साडेपाच, लाईन आहे तोवर उरका.

प्रेषक: संपादक

निघाली खूण, त्यानंच काढली. वर्ड साधं उघडतंय, संपादकीयही विचारून परत दिलं, शेवटचा परिच्छेद सोडून. मुखपृष्ठाच्या आतली जाहिरात कोणाकडे आहे? खजिनदारांकडून अजून आलेली नाही.

प्रेषक: खजिनदार

त्या जाहिरातदाराचे पैसे जमा नाहीत. पैसे आल्याशिवाय पान सोडू नये, असं ठरलं होतं. हेही इतिवृत्तात आहे.