एक पेपर, दोन प्राध्यापक आणि संवाद शून्य

प्रश्न: सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते. एक पेपर आम्हा दोघांत वाटलेला, पण सर कुठवर शिकवलं ते सांगतच नाहीत. मुलांना मोलॅरिटी दोनदा, बफर एकदाही नाही! माझ्या कामावर याचा थेट परिणाम होतोय. काय करू?

उत्तर १: मॅडम, विभागप्रमुखांकडे तक्रार नंतर. आधी प्रॅक्टिकलच्या मधल्या वेळेत सरांशी बोला की ओ! आमच्याकडे स्टाफरूमच्या फळ्यावर प्रत्येकजण झालेला टॉपिक लिहितो. पोरांचे गोंधळ तिथंच थांबले.

उत्तर २: जोडीनं संशोधनही करून बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत शोधनिबंधाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्या निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के गुण मिळतात.

प्रश्नकर्ती: फळ्याचं पटलं. सोमवारी पहिली ओळ मीच लिहिते.