४० अर्ज केले, एकही फोन नाही. माझ्या रेझ्युमेत काय चुकतंय?

बिनकार्ड

नमस्कार. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये ११ वर्षं काम केलं. क्लार्क म्हणून लागले, शेवटची ४ वर्षं सीनियर स्टोअर असिस्टंट होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली. त्याला आता अडीच वर्षं झाली. त्या गेल्या आणि मी पुन्हा कामाला लागायचं ठरवलं. स्टोअर्स सुपरवायझर, इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह अशा जागांसाठी चार महिन्यांत ४० अर्ज केले. वहीत तारखेसह लिहून ठेवलेत. कुठूनही फोन नाही, साधा नकारही नाही.

रेझ्युमे दोन पानी आहे. एक तयार टेम्पलेट घेतलं: डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, जन्मतारीख, फोन नंबर, आणि कौशल्यांपुढे चांदण्या (एक्सेलला पाचपैकी चार, एसएपी या स्टॉक नोंदवायच्या सॉफ्टवेअरला तीन). वर उद्दिष्ट: 'नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा उपयोग करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे.' अनुभवात लिहिलंय:

गोदामाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.
मालाची आवक-जावक पाहिली.
स्टॉकच्या नोंदी ठेवल्या.
वरिष्ठांनी सोपवलेली इतर कामं केली.

मधली अडीच वर्षं कुठेच लिहिली नाहीत. पटकन लक्षात येऊ नये म्हणून नोकरीचीही फक्त वर्षं टाकलीत, महिने नाहीत. वय ४१. वयामुळे होत असेल का हे? की काम सोडल्यामुळे? मनापासून विचारतेय, स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

शाई_आणि_कागद

वयाचं नंतर बघू, आधी फाइल तपासा. वेबसाइटवर चढवलेला रेझ्युमे बऱ्याच ठिकाणी माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते मजकूर उपसून नाव, पदं, तारखा, कौशल्यं वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. पट्ट्या, दोन कॉलम, चौकटी, चित्रं आली की त्याचा गोंधळ उडतो. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काय दिसतं ते सांगा.

बिनकार्ड

पेस्ट केलं. डावी पट्टी आलीच नाही! ती चित्र म्हणून बसलीय बहुतेक. म्हणजे फोन, ईमेल, एसएपी, एक्सेल, काहीच नाही. उजवीकडचं आलंय, पण दोन नोकऱ्यांची वर्षं एकाखाली एक चिकटून आलीत.

शाई_आणि_कागद

फोन नंबर तुम्ही अर्जाच्या फॉर्ममध्ये वेगळा भरला असेल, तो पोहोचलाय. पण समोरच्याने जमलेल्या अर्जांत 'एसएपी' शोधलं तर तुमचं नाव वर येणार नाही. साध्या वर्ड फाइलमध्ये एकच कॉलम, काळी अक्षरं, ११ पॉइंटचा फॉन्ट, नाव आणि संपर्क अगदी वर. चांदण्या काढा. पाचपैकी तीन एसएपी म्हणजे नेमकं काय येतं, ते कोणालाच कळत नाही. फोटो आणि जन्मतारीखही काढा, जाहिरातीत मागितलं नसेल तर त्यांची गरज नाही.

जुना_स्टोअरकीपर

ताई, मी २६ वर्षं स्टोअर्समध्ये आहे आणि त्यातली शेवटची ९ वर्षं माझ्या हाताखालची माणसं मीच निवडतोय. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

फाइल दुरुस्त कराच. पण ती दुरुस्त होऊन माझ्या टेबलावर आली असती, तरी या चार ओळी वाचून मी तुम्हाला फोन केला नसता. 'गोदामाची संपूर्ण जबाबदारी' ही ओळ माझ्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक रेझ्युमेत असते. दोनशे आयटमचं गोदाम सांभाळणारा तेच लिहितो आणि वीस हजारांचं सांभाळणाराही तेच लिहितो. मला त्या दोघांत फरक कसा कळणार?

एक गोष्ट माझ्या मनाला अजून लागते. काही वर्षांपूर्वी एका माणसाचा अर्ज मी बाजूला ठेवला. अनुभवाखाली फक्त 'स्टोअरचं काम पाहिलं' असं होतं. वर्षभराने एका पुरवठादाराकडे गेलो, तर तिथलं स्टोअर तोच चालवत होता. प्रत्येक रॅकला पत्ता, प्रत्येक बिनला (मालाच्या खणाला) कार्ड, आणि कार्डावरचा शिल्लक आकडा आतल्या मालाशी जुळणारा. मी सहज म्हणून तीन बिन उघडून मोजले, तिन्ही बरोबर निघाले. असा माणूस मला हवा होता आणि तो माझ्याकडे येऊनही गेला होता. तेव्हापासून नवीन माणसांना मी हेच सांगतो की तुमचं काम मला दिसेल असं लिहा, मी ते ओळखून घेईन यावर विसंबू नका.

तर ताई, तुम्ही मला एवढंच सांगा. माल कसला होता? आयटम कोड किती? दिवसाला किती जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) व्हायचे? वार्षिक मोजणीत किती आयटमचा फरक निघायचा? एसएपीत स्वतः काय करायचात? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: तुम्ही लागलात तेव्हा जे एका पद्धतीने चालायचं आणि तुम्ही सोडलंत तेव्हा वेगळ्या पद्धतीने चालत होतं, असं काय?

बिनकार्ड

दादा, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सांगते.

यंत्रांचे सुटे भाग आणि कच्चा माल, साधारण ३,२०० कोड. दिवसाला ३५ ते ४० जीआरएन. एसएपीत मिगोला (माल आत-बाहेर नोंदवायचा स्क्रीन) एन्ट्री, एमबी५२ (शिलकीचा अहवाल) वरून स्टॉक काढणं आणि मोजणीची कागदपत्रं तयार करणं हे मीच करायचे.

मोजणीचं म्हणाल तर पूर्वी वर्षातून एकदाच व्हायची, त्यासाठी स्टोअर ४ दिवस बंद ठेवावं लागे. पहिल्या वर्षी २१० आयटम जुळले नव्हते. मग आम्ही दर शनिवारी ८० आयटम मोजायला लागलो, फक्त ए वर्गातले, म्हणजे सगळ्यात मोलाचे. ते ३२० आहेत, म्हणजे चार शनिवारांत सगळे होत. फरक सापडला की त्याच आठवड्यातली चलानं काढून शोधायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते आठवणारं माणूस अजून जागेवर असायचं. तीन वर्षांनी वार्षिक मोजणी दीड दिवसात उरकली आणि फरकाचे आयटम ३८ राहिले. पण हे तर रोजचंच काम, यात रेझ्युमेत लिहिण्यासारखं काय, असं वाटून मी कधी लिहिलं नाही.

जुना_स्टोअरकीपर

ताई, हेच तर लिहायचं! 'चूक आठवणारं माणूस जागेवर असायचं' हे वाक्य मुलाखतीत जसंच्या तसं बोला. ज्याने स्वतः मोजणी केलीय त्यालाच ते सुचतं.

तुमच्या पहिल्या तीन ओळींच्या जागी मी हे लिहीन (अशा आळीपाळीच्या मोजणीला सायकल काउंट म्हणतात):

'यंत्रांचे सुटे भाग व कच्चा माल, ३,२०० आयटम कोड. रोज ३५–४० जीआरएन एसएपीत (मिगो), स्टॉक अहवाल एमबी५२ वरून.'

'ए वर्गातल्या ३२० आयटमची दरमहा सायकल काउंट सुरू केली. ३ वर्षांत वार्षिक मोजणीत फरक निघणारे आयटम २१० वरून ३८ वर, मोजणीचा कालावधी ४ दिवसांवरून दीड दिवसावर.'

चौथी ओळ, 'इतर कामं', काढून टाका.

आता एक विचारायचंय, राग मानू नका. तुम्ही 'आम्ही मोजायला लागलो' असं लिहिलंत आणि मी त्याचं 'सुरू केली' करून टाकलं. शनिवारची कल्पना कोणाची?

बिनकार्ड

मॅनेजर साहेबांची. ते म्हणाले होते की दर आठवड्याला थोडं थोडं मोजत चला. कोणते ८०, कोणी मोजायचे, तक्ता कसा, फरक कसा शोधायचा, हे सगळं मी बसवलं. सुट्टी सोडली तर एकही शनिवार चुकवला नाही.

जुना_स्टोअरकीपर

मग 'सुरू केली' नको. 'मॅनेजरांच्या सूचनेनुसार साप्ताहिक सायकल काउंट आखून चालवली' असं लिहा. तुमचं श्रेय यात तसूभर कमी होत नाही. सूचना करणारे खूप असतात, तीन वर्षं शनिवार न चुकवणारं माणूस मिळत नाही. आणि मुलाखतीत मी हमखास विचारतो की हे सुचलं कसं. तिथे अडखळलात की मग ३२०, २१०, ३८ या खऱ्या आकड्यांवरचाही माझा विश्वास उडतो. जो आकडा कसा काढला हे तुम्हाला कागद-पेन घेऊन दाखवता येईल तोच लिहा. जुन्या मालकाच्या मालाची किंमत आणि पुरवठादारांची नावं मात्र लिहू नका, ती त्यांची माहिती आहे.

परतीची_वाट

मधल्या काळाबद्दल मला सांगायचंय, कारण मी स्वतः ३ वर्षांनी परत आलेय. मीही आधी महिने लपवले होते. त्याने उलटंच होतं. वाचणाऱ्याला मोकळी जागा दिसतेच, आणि तिथे तो मनाने काहीही भरतो. नंतर मी एक ओळ टाकली: 'कौटुंबिक शुश्रूषेसाठी विराम', पुढे महिना-वर्ष ते महिना-वर्ष. बस. आजार कोणता, घरात कोण होतं, काही लिहिलं नाही. त्यानंतरच्या मुलाखतीत मला एवढंच विचारलं की आता पूर्ण वेळ येऊ शकाल ना? मी हो म्हटलं आणि गाडी कामावर आली. ताई, तुम्ही माणसाची सेवा केलीत, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. ती ओळ नोकऱ्यांच्या क्रमात तिच्या जागी, म्हणजे सगळ्यात वर टाका. या काळात एक्सेल वगैरे काही नव्याने केलं असेल तर तेही तिथेच.

शाई_आणि_कागद

उद्दिष्टाचं राहिलंच. ते वाक्य पूर्ण काढा, पहिल्या चार बोटं जागेत ते बसलंय आणि तीच जागा सगळ्यात मोलाची. नोकऱ्यांच्या लॅडर्स या संकेतस्थळाने २०१८ मध्ये नजरेचा माग घेऊन पाहिलं होतं, तेव्हा निवड करणाऱ्यांची रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंदांची निघाली. तिथे तीन ओळी हव्यात: पद आणि वर्षं, कोणता माल व कोणती सिस्टीम, आणि शनिवारच्या मोजणीचा निकाल.

त्या तीन ओळी जाहिरातीप्रमाणे बदलाव्या लागतात. लिओनार्दो दा विंचीने साधारण १४८२ मध्ये मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. क्रमांक घालून दहा मुद्दे, आणि त्यातले बहुतेक हलके पूल, वेढा, तोफा अशा युद्धाच्या कामाचे. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. समोरच्याची गरज युद्धाची होती, म्हणून त्याने तीच आधी धरली. तुमच्याकडून ४० जाहिरातींना एकच फाइल गेली असणार.

बिनकार्ड

हो, एकच. आणि दोन पानांचं एक करू का?

जुना_स्टोअरकीपर

११ वर्षांना दोन पानं चालतात. फक्त दुसऱ्या पानावर छंद आणि शाळेतली बक्षिसं असतील तर ते पान काढा. ७.४ सेकंदांना घाबरू नका, ती पहिली नजर झाली. त्या नजरेत ३,२०० आणि २१० वरून ३८ हे आकडे दिसले, तर मी खुर्ची पुढे ओढून पुढचं वाचतोच.

जाहिरातीतले शब्द उचलताना एक पाळा. त्यांनी 'इन्व्हेंटरी कंट्रोल' म्हटलं असेल आणि तुम्ही ते काम केलं असेल, तर तोच शब्द वापरा. 'रीऑर्डर लेव्हल ठरवणे' (किती माल उरला की मागवायचा ते ठरवणे) मागितलंय आणि तुम्ही फक्त ठरलेल्या लेव्हलवर मागणीपत्रं काढली असतील, तर 'मागणीपत्रं काढली' असंच लिहा. जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत रेझ्युमे.

आणि वयाबद्दल, ते तुमच्या मनात आहे म्हणून सांगतो. काही ठिकाणी वय बघतात, नाही असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या ४० अर्जांवरून तो निष्कर्ष काढू नका, कारण तुमचं काम त्या ४० जणांपर्यंत पोहोचलेलंच नाही.

बिनकार्ड

काल रात्री बसून सगळं नव्याने लिहिलं. नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहिलं, सरळ ओळीने येतंय. वरच्या तीन ओळी अशा झाल्यात (एमएम म्हणजे एसएपीचा मालाच्या कामाचा भाग):

'स्टोअर्समध्ये ११ वर्षं, शेवटची ४ सीनियर स्टोअर असिस्टंट. सुटे भाग व कच्चा माल, ३,२०० आयटम, एसएपी एमएम. साप्ताहिक सायकल काउंट आखून चालवली, ३ वर्षांत वार्षिक मोजणीतला फरक २१० वरून ३८.'

विरामाची ओळ टाकली. ती टाइप करताना हात थांबला होता, पण टाकली. वहीतल्या ४० पैकी ६ जाहिराती अजून खुल्या आहेत, त्यातल्या दोन अगदी माझ्या कामाच्या आहेत. त्यांना परत पाठवलं तर चालेल का?

जुना_स्टोअरकीपर

चालेल. त्या दोनना आधी पाठवा, वेबसाइटवर जुनी फाइल बदलता येत असेल तर बदला, नाहीतर ईमेलने 'सुधारित रेझ्युमे' असा विषय घालून पाठवा. फक्त शेवटी '२१० वरून ३८' च्या पुढे 'आयटम' हा शब्द राहिलाय. तो घाला, नाहीतर वाचणारा नग समजेल. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. आणि शनिवारचा तक्ता कोऱ्या कागदावर एकदा आखून पाहा, रकाने आठवतायत का ते बघा. मी मुलाखत घेत असतो तर तोच काढायला लावला असता.

बिनकार्ड

आठवतायत दादा, सातही रकाने. 'आयटम' घातलं. पाठवते आता.