लोआर खोरं : "एक शातो बघितला की सगळे बघितले" म्हणणाऱ्यांना उत्तर

आँजेकर
परवा इथेच एकांनी लिहिलं की फ्रान्समधल्या लोआर नदीच्या खोऱ्याला पॅरिसहून एक दिवस पुरतो, शाँबोर आणि शेनाँसो हे दोन शातो (म्हणजे जुने राजवाडे) उरकायचे आणि परत, बाकी शातो सगळे सारखेच, नदी म्हणजे नुसती वाळू आणि वाईन टेस्टिंग म्हणजे टुरिस्टला कापायचा धंदा. त्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. मी याच खोऱ्यात राहतो, वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

शातो मोजत फिरलात तर सारखेच दिसणार. दिवसात तीन केले की चौथ्याला डोळ्यांपुढे फक्त छपरं आणि धुरांडी. पण ते तिथे का उभे आहेत हे कळायला नदीकाठी यावं लागतं. सोम्यूर गावापासून माँसोरो गावापर्यंत नदीच्या डाव्या काठाला पांढऱ्या दगडाचा कडा आहे, तुफो म्हणतात त्याला, इतका मऊ की करवतीने कापतात. इथली गावं, चर्च, शातो सगळं या दगडातून उभं राहिलं आणि दगड गेला होड्यांतून. तो काढल्यावर डोंगराच्या पोटात जी भुयारं उरली त्यात आज वाईन मुरते, काहींत मशरूम होतात, काहींत लोकांनी घरं केली. आणि वरच्या पठारावर द्राक्षमळे. म्हणजे शातो, तळघर, मळा आणि नदी हे सगळं एकच प्रकरण आहे, त्यातला एक तुकडा बसच्या खिडकीतून बघायचा आणि कंटाळा आला म्हणायचं, हे पटत नाही. सोम्यूरजवळच्या कुठल्याही तळघरात भिंतीवर हात फिरवून बघा, टिकावाचे तिरपे ओरखडे अजून तसेच आहेत, बोटांना ओलसर पांढरी पूड लागते, आणि बाहेर ऊन भाजत असलं तरी आत स्वेटर लागतो.

आता वाळू. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूची बेटं वर येतात, त्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. पाणी उथळ म्हणून इथल्या होड्यांचे तळ सपाट. आणि याच नदीने १८४६, १८५६ आणि १८६६ ला बांध फोडून खोरं बुडवलंय. ऑगस्टमध्ये बघून तिला नाला म्हणू नका.

एकच जागा सांगायची तर काँद-सँ-मार्ताँ हे गाव. चर्चच्या मागच्या गल्लीने चढून गेलं की खाली व्हिएन नदी लोआरला मिळताना दिसते. तास-दीड तास नुसतं बसा तिथे. त्या जागेला तिकीट नाही.

पौडरोड_पाटील
ती पोस्ट माझीच होती, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. तुम्ही तिथे राहता हो, शनिवारी उठून जाता. आम्ही आई-बाबांना घेऊन आलो होतो, दोघं सत्तरीच्या पुढे, रजा मोजून मिळालेली, त्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. "तास-दीड तास नुसतं बसा" हे कुणाला परवडतं? शाँबोरबद्दल मी लिहिलं ते खरंच लिहिलं. चारशेच्या वर खोल्या आणि निम्म्या रिकाम्या. आई म्हणाली, बाहेरून एवढा थाट आणि आत काहीच कसं नाही रे. जेवायचं तर विचारूच नका. शाकाहारी म्हटल्यावर पानं आणि चीज पुढे ठेवलं, त्याचे पैसे मात्र पूर्ण जेवणाचे. आणि हो, २०२६ पासून शाँबोरला युरोपबाहेरच्यांना तिकीट जास्त. त्यावर एक शब्द नाही तुमच्या लेखात.

आँजेकर
तिकिटाचं म्हणाल तर ताजमहालला आपण ५० रुपये देतो आणि परदेशी माणसाकडून ११०० घेतो. मला दोन्ही पटत नाही, पण आपण तरी तक्रार जपून करावी.

रिकाम्या खोल्यांचं कारण आहे. १५१९ ला काम सुरू झालं ते पहिल्या फ्रान्स्वाच्या शिकारीसाठी. तो तिथे फार राहिलाच नाही. दरबार हिंडता असायचा, पलंग, गालिचे, पडदे सगळं गाड्यांवर लादून बरोबर यायचं आणि राजा निघाला की परत जायचं. त्यामुळे रिकामा शाँबोर हाच बराचसा खरा शाँबोर आहे. आईंना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वेगळ्या नजरेनं बघितलं असतं. टूरवाल्यांनी सांगितलं नाही हा राग नदीवर का काढता?

चित्राताई_लियाँ
पाटलांचं सगळं पटत नाही पण आँजेकर, तुम्हीही शातोंना फार खाली ढकलताय. शेनाँसो "उरकायची" गोष्ट नाही. पॅरिस सोडून तूर शहराकडून लोकल ट्रेनने या, स्टेशन अगदी दाराशी आहे, मुलांना घेऊनही काही त्रास होत नाही. शेर नदीवर पूल बांधला राजा दुसऱ्या आँरीची प्रेयसी दियान द प्वातियेने, राजा मेल्यावर राणी कातरीनने तो शातो तिच्याकडून काढून घेतला आणि पुलावर गॅलरी चढवली. पहिल्या महायुद्धात त्याच गॅलरीत जखमी सैनिकांचं हॉस्पिटल. आणि १९४० नंतर शेर हीच सीमारेषा झाली, शातोचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि गॅलरीचं पलीकडचं दार मोकळ्या फ्रान्समध्ये. माझ्या मुलीने त्या दारात उभं राहून विचारलं, मग लोक इथूनच पळाले का? शाळेच्या पुस्तकात हे असं कळत नाही. व्ह्यूपॉइंटवरून तर नाहीच नाही.

राजापूरकर
आँजेकर, काँदच्या त्या व्ह्यूपॉइंटवर मीही गेलोय. संगम दिसतो, मान्य. पण त्याच देखाव्यात अणुऊर्जा केंद्र पण दिसतं ते कसं विसरलात? शिनाँचा प्रकल्प, आव्वान गावातला, चार रिअ‍ॅक्टर, नदीच्या अगदी काठावर. फोटोत सगळे तो भाग कापून टाकतात, लेखात पण कापायचा का?

नील_ग्रनोब्ल
या क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. शिनाँचे कूलिंग टॉवर मुद्दाम बुटके बांधलेत, तीसेक मीटरचे, पंख्यांनी हवा ओढतात. कारण एकच, देखावा बिघडू नये. याच नदीवर वर बेलव्हिल आणि दाँपिएरला उंच टॉवर आहेत, फरक लगेच कळेल. आणि शेजारीच शिनाँची काबरने फ्राँ द्राक्षं पिकतात, त्यांची वाईन लोक आवडीने पितात. विकास आणि निसर्ग एकत्र नांदू शकतात याचं हे चांगलं उदाहरण आहे, उगाच भीती नको.

राजापूरकर
वाटच बघत होतो कुणी हे म्हणतंय का. राजांच्या खोऱ्यासाठी बुटके टॉवर, आणि आमच्या जैतापूरच्या सड्यावर? १६५० मेगावॅटचे सहा रिअ‍ॅक्टर उभारायचा बेत, ९९०० मेगावॅट, एका जागी. २०१० ला करार झाला याच फ्रान्सच्या कंपनीशी. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला प्रकल्पाच्या विरोधकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, माणूस मेला. माझा मामा त्या गावाजवळ मासेमारी करतो, त्याला कुणी विचारलं का देखावा कसा हवाय? देखावा काय फक्त शातोवाल्यांना असतो?

नील_ग्रनोब्ल
गोळीबार वाईटच, त्याचं समर्थन कोण करतंय? पण तो पोलीस आणि सरकारचा प्रश्न, तंत्रज्ञानाचा नाही. दोन्ही एकत्र कालवू नका. भावनेवर वीज तयार होत नाही.

राजापूरकर
तंत्रज्ञानावरच बोलू मग. त्याच जातीचा रिअ‍ॅक्टर फ्लामाँव्हिलला २००७ ला बांधायला घेतला आणि ग्रिडला जोडला डिसेंबर २०२४ मध्ये. त्यांच्या स्वतःच्या देशात सतरा वर्षं! आणि मी भावनिक?

आँजेकर
दोघांनी जरा थांबा. राजापूरकर, प्रकल्प दिसतो हे बरोबर, आणि तो लपवावा असं मला अजिबात वाटत नाही. उलट तो याच प्रकरणातला आहे. राजाला नदी हवी होती, दगडवाल्यांना हवी होती, वीजवाल्यांनाही हवीच आहे. उन्हाळ्यात लोआर आटू नये म्हणून वरती नोसाक आणि व्हिलरेस्त धरणांतून पाणी सोडतात, रिअ‍ॅक्टर थंड ठेवायलाही तेच लागतं. तरी "युरोपातली शेवटची रानटी नदी" म्हणून जाहिरात करतात, ते मलाही खटकतं. पण याच खोऱ्यातल्या लोकांनी सेर द ला फारचं धरण आंदोलन करून रद्द करायला लावलं आणि व्हिएनवरचा मेझों-रूजचा बंधारा १९९८ मध्ये तोडला गेला, सामन माशांना वर जाता यावं म्हणून. तुमच्या मामाच्या बाजूने बोलणारी उदाहरणं इथेच आहेत.

राजापूरकर
हे आधी लिहायला हवं होतं. बंधाऱ्याचं माहीत नव्हतं, चांगलं केलं त्यांनी. जैतापूरबद्दल माझं मत तेच आहे आणि नीलशी या विषयावर पुन्हा बोलणार नाही.

दिंडोरी_बागाईतदार
अणुभट्टीत सगळे शिरले, वाईनचं कुणी बोलेना. टेस्टिंगला कापायचा धंदा म्हणणं हे शेतकऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं आहे. आमच्याकडे नाशिकला जी शेनाँ ब्लाँ ही द्राक्षाची जात लावलीय ती मुळात लोआरची. तिथे वूव्रे गावात एका छोट्या उत्पादकाकडे गेलो होतो, मी द्राक्षवाला आहे कळल्यावर त्याने मळ्यात नेलं, छाटणी दाखवली, माती हातात दिली. त्याच एका जातीची कोरडी, गोड आणि फेसाळ अशी तिन्ही वाईन पाजली, पैसे घेतलेच नाहीत. आमची काढणी जानेवारी ते मार्च, त्यांची सप्टेंबर-ऑक्टोबर. एप्रिल २०२१ च्या थंडीत फ्रान्सभर कोंब जळाले, तेव्हा त्याने रात्रभर मळ्यात शेकोट्या पेटवल्या होत्या, ते सांगताना त्याचा आवाज बदलला. गारपिटीनंतर आमचं जे होतं तेच. भाषा येत नव्हती तरी आम्हा दोघांना सगळं समजलं. गटाने येऊन बसमधून उतरायचं, तीन घोट घ्यायचे आणि पुढे, याला टेस्टिंग म्हणू नका.

पौडरोड_पाटील
बरं, टेस्टिंगचं वाक्य मागे घेतो. आम्हाला नेलं होतं ते दुकानच होतं, शेतकरी कुठे दिसलाच नाही. पण दादा, टूरवर येणारा माणूस मळ्यात कसा पोचणार हे कुणीच सांगत नाही. आणि त्या काँदच्या चढावर माझे बाबा कसे चढणार?

आँजेकर
चढायचीच गरज नाही. काँदला लागूनच माँसोरो आहे, तिथला शातो नदीकाठी, समोरचा रस्ता सपाट, बाकावर बसून अख्खी लोआर दिसते. सोम्यूरला ट्रेनने उतरायचं, पुढे टॅक्सी, बारा-तेरा किलोमीटर. वाटेत तळघरंच तळघरं, पाट्या बघून कुठल्याही छोट्या उत्पादकाकडे थांबा, आधी फोन केलेला बरा. जेवायला फुए मागा, या भागातली छोटी फुगलेली भाकरी, भट्टीतून गरम येते, आत बीन्स किंवा मशरूम भरून मिळते. बाबांना चालेल. सोमवार मात्र टाळा, बरंच बंद असतं.

पौडरोड_पाटील
लिहून घेतलं. पुढच्या वेळी एक दिवस वाढवेन, दोन नाही. आणि शाँबोर तरीही बघणार, तुम्ही काहीही म्हणा.

चित्राताई_लियाँ
आणि शेनाँसो सकाळी दार उघडताना गाठा, दुपारी बस आल्या की गॅलरीत उभं राहायला जागा नसते.